पाहुणा संघ

फायनल रविवारी, आणि आमची मासिक बैठकही रविवारीच.
सेलूत त्या संध्याकाळी नगरपरिषदेच्या सभागृहात
सतरंज्या मोजायलाही कुणी आलं नसतं.
म्हणून वालूरकर सरांनी डोकं चालवलं.
पोस्टर परभणीहून छापून आलं, अर्धं भगवं, अर्धं हिरवं,
मधे दोन तंबोरे तलवारींसारखे तिरके:
भारत विरुद्ध पाकिस्तान. सूर-संग्राम.
प्रवेश विनामूल्य. वेळेवर यावे.

भारताकडून चारठाणकरबाई.
तिकडून कोण?
लाहोरहून कोण येतंय,
इथं परभणीची पॅसेंजर वेळेवर येत नाही.
सर म्हणाले, आपले मुनीरमामू आहेत की.
त्यांच्या उस्तादांचे उस्ताद फाळणीत गेले,
म्हणजे घराणं तिकडचंच झालं.

मामूंचं दुकान जिंतूर नाक्यावर:
पेटी दुरुस्ती, भाता बदलून मिळेल.
आजोबांची कबर दुधनेच्या काठाला.
त्यांनी पोस्टर वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं.
"टीम पूरी होना तो बैठतौं मैं, सर."
मग हळूच, "लेकिन हारा तो किधर जाना?"
सर हसले. सगळेच हसले. मीही.

तंबोऱ्यावर मी, दोन्ही संघांना मीच.
बाईंची काळी चार, मामूंची काळी एक,
मधे पाच मिनिटं खुंट्या पिळायला.
सीमा म्हणाल तर तेवढीच.
भिंतीला कबड्डी मंडळाचा गुणफलक,
त्याच्यापाशी दत्ताबाचा किशन, हातात खडू.
नाणेफेक झाली.
रुपया भोपळ्यामागं कुठंतरी घरंगळला,
म्हणून रिवाजानं लहान तो आधी.

बाईंनी नायकी कानडा मांडला.
मग एक जुनी मध्यलय चीज,
स्थायी, अंतऱ्याची पहिली ओळ,
आणि दुसऱ्या ओळीच्या जागी नुसता आकार.
गुरुजींच्या वहीला वाळवी लागली होती.
बारा वर्षं बाई तिथून अशाच जातात,
पूल पडला की बाजूनं
पात्रात उतरून जावं तशा.
समेवर सत्तर-ऐंशी माना एकदम खाली आल्या.
किशननं खडू उचलला,
मान कुणाकडं मोजायची कळेना,
खाली ठेवला.

मग मामू. अंगावर हिरवी शाल, सरांनीच घातलेली.
त्यांनी तीच चीज काढली.
मागून कुणी ओरडलं, "चीटिंग!"
लय जरा संथ, स्थायीत एक शब्द वेगळा,
अंतऱ्याची पहिली ओळ,
आणि दुसरी.
आख्खी.
शब्द न् शब्द जागच्या जागी,
वाळवीच्या पोटातून परत आलेला.

बाई विंगेतून येऊन सतरंजीच्या कडेला बसल्या.
पेन होतं, कागद नव्हता.
तळहातावर लिहू लागल्या.
मामूंनी पाहिलं आणि ओळ पुन्हा म्हटली,
पुन्हा एकदा, तान नाही, मुरकी नाही,
शाळेत शुद्धलेखन घालतात तशी.
माझं बोट तारेवरच थांबलं होतं.
त्यांनी न बघता गुडघ्यावर टिचकी मारून
मला चालू केलं.

"किशन, गुण लाव की रे!"
"कुणाकडं लावू, सर?"
सरांनी थोडा वेळ फलकाकडं पाहिलं,
मग चहा सांगितला.

बाहेर फटाके वाजले.
कोण जिंकलं ते चहावाल्यानं सांगितलं.
बाईंनी कप उजव्या हातात धरला,
डावा तसाच उघडा,
ओल्या मेंदीचा असावा तसा.
मामूंनी शाल काढून तंबोऱ्याला गुंडाळली,
"इसकू ठंड लगती."
किशन अजून भोपळ्यामागं रुपया शोधत होता.

सर खुशीत. म्हणाले,
पुढच्या महिन्यात ऑस्ट्रेलिया ठेवू.
मामू चपला शोधता शोधता थांबले,
"उधर से भी मैंच बैठना क्या?"